निळ्या पाखराची धुरी

आमच्या घराला मासळीचा वास येतो, हे मला माझी पोरगी नववीत जाईपर्यंत माहीतच नव्हतं. ज्याचा वास त्याला येत नाही म्हणतात, ते खरं आहे. मी ढिवराच्या घरी जन्मले आणि ढिवराच्याच घरी मला दिली. दोन्ही घरांत दारामागे जाळं आणि आढ्याला टोपली. पहाटे तलावावर जाऊन माल घ्यायचा, काळीपिवळी जीपमध्ये टोपलं मांडीवर घेऊन तालुक्याचं गाव, सावली गाठायचं, चार वाजेपर्यंत बाजारात बसायचं, आणि जे खपलं नाही ते घरी आणून, चिरून, मीठ लावून वाळवायचं. थंडीत बाहेर दव पडतं आणि गावातल्या साऱ्या मांजरी आमच्याच अंगणात टपून असतात, म्हणून रात्री वाळवण घरात घ्यावं लागतं. घर दोन खोल्यांचं. आणखी कुठे ठेवणार, देव्हाऱ्यात?

पायल सावलीच्या शाळेत जायला लागली आणि तिला नाक आलं. आधी तिने तिचे कपडे वेगळ्या पेटीत ठेवले. मग पेटीत डांबरगोळ्या टाकल्या. मग माझ्या शेजारी झोपणं सोडलं. दिवसभर बाजारात घसा कोरडा करून आल्यावर घरी भांडायला अंगात काही उरत नाही, आणि नवरा इथे असता तर त्याच्यावर तरी ओरडले असते. सुरेंद्र सूरजागडच्या खाणीवर ट्रक चालवतो. दोन महिन्यांतून चार दिवस येतो, त्यातले दोन झोपून काढतो.

गेल्या दिवाळीला येताना त्याने चंद्रपूरहून पिंजरा आणला. आत दोन पाखरं, एक निळं, एक हिरवं. लव्हबर्ड म्हणून मिळतात ती. निळ्याला तो गावठी नाव ठेवणार होता, पण पायलने तोंड वाकडं केलं आणि त्यांची नावं स्काय आणि मिंट ठेवली. माझ्या सासूला, कुंताबाईला, ती नावं काही जमली नाहीत. ती निळ्याला निऱ्या आणि हिरव्याला हिरव्या म्हणायची, आणि पाखरं तिलाच जास्त ओ द्यायची.

त्या निळ्याने पोरीवर काय जादू केली होती कोण जाणे. घरात जी पोरगी "डबा झाला का" याच्यापलीकडे बोलत नव्हती, ती त्याच्याशी तास तास बोलायची. ती गणितं सोडवायची तेव्हा तो तिच्या पेनाचं टोपण कुरतडत बसायचा. शाळेतून आली की दप्तर खाली ठेवण्याआधी बोट पिंजऱ्यात. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. पंधरा वर्षं मी वाढवली, आणि मनातलं सांगायला पाखरू.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. पायलच्या नाचात चौघी होत्या आणि एका रविवारी तालमीला तिच्या मैत्रिणी आमच्याकडे येणार होत्या. बाकी तिघींच्या घरी आधी झाली होती, आता टाळायला जागा नव्हती. तीन दिवस आधी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, त्या दिवशी वाळवण घरात नको ठेवू."

"काऊन?"

"वास येतो आपल्या घरात."

"याच वासावर मोठी झाली तू."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच मला पण येतो."

ओरडून बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती हळू बोलली. दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर मी तौसीफभाऊच्या दुकानात गेले. त्याच्याकडे सुईपासून सुटकेसपर्यंत सगळं मिळतं. मला काय पाहिजे ते सांगायलाच लाज वाटत होती. हातात मासळीचं टोपलं घेऊन वास घालवायचं औषध मागायचं म्हणजे काय! पण तो हसला नाही. फळीवरून गुलाबाचं चित्र असलेला फवाऱ्याचा उंच डबा काढला.

"हे न्या बाई. दोन डाव मारलं का घर महकून जाते."

रविवारी मी दोनदाच मारून थांबले नाही. वाळवण पहाटेच शेजारच्या चैतूच्या माडीवर नेऊन ठेवलं, शेणाने अंगण सारवलं, आणि मग दारंखिडक्या लावून घेऊन डबा चालवला. थंडी होती, खिडकी उघडी ठेवायचा प्रश्नच नव्हता. पडद्यावर मारलं, गोधड्यांवर मारलं, आढ्याकडे तोंड करून मारलं. सासू खोकत खोकत अंगणात जाऊन बसली. पायल दारात उभी राहून नाक वर करून हुंगत होती.

"अजून थोडं मार ना आई. त्या कोपऱ्यात."

त्या कोपऱ्यात टोपलं ठेवायची जागा होती, आणि तिच्याच वर, खिळ्याला, पिंजरा. मी कोपऱ्यात मारलं. पाखरं पिंजऱ्यात फडफडली. मला वाटलं, घाबरली.

पोरी आल्या. त्यातली एक, वकिलाची, आत पाऊल टाकताच म्हणाली, "किती छान वास येतो गं तुमच्या घरी!"

पायलने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे तसं पाहिलं असेल, सरळ, डोळे भरून. त्या एका नजरेसाठी मी असे आणखी दहा डबे आणले असते. पोरी दुपारभर नाचल्या, पोहे खाल्ले, चहा प्याल्या. चार वाजता पायल त्यांना गाडीवर बसवून द्यायला फाट्यापर्यंत गेली.

मी बशा विसळत होते. निळा पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता, अंग फुगवून. चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर. मी ते पाहिलं. पाहिलं आणि बशा विसळत राहिले. दमलेल्या माणसाला समोरचं दिसतं, पण ते आत पोचायला वेळ लागतो.

सासू आत आली आणि तिने पाहिलं. "थंडी भरली वं पाखराले," ती म्हणाली.

इथे माझ्या सासूबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या गावात मूल जन्मलं आणि बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की पहिला निरोप कुंताबाईला जातो. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं आणि मग धुरी देणं, हे सव्वा महिना तिच्याकडे. मातीच्या खापरात निखारे, त्यावर ओवा, शेपा आणि लसणाची टरफलं. धूर निघाला की बाळाला पायांवर उलटंसुलटं करून शेकायचं. पोरगं शिंकलं, नाक वाहिलं, तर धुरी दोन वेळा. चाळीस वर्षं ती हे करत आली. तिच्या हाताला यश आहे म्हणतात. ती तोंडाने कधी बोलत नाही, पण कुणी तसं म्हटलं की पदर सारखा करते.

तर तिने पाखराला बाळासारखी धुरी दिली. पिंजरा खाली काढला, शेजारी खापर ठेवलं, वरून आपलं जुनं लुगडं टाकलं, धूर वाया जाऊ नये म्हणून. हिरवा आत चिरकत होता. निळा आवाजही करत नव्हता. मी म्हटलं, "माय, पाखराले चालते का थे?" ती म्हणाली, "जीव थो जीवच." मला पटलं. मी पुन्हा बशांकडे वळले.

पायल आली तेव्हा खोली धुराने भरली होती. तिने लुगडं ओढून काढलं. निळा एका अंगावर पडला होता, पाय आखडलेले. तिने त्याला तळहातावर घेतलं, तोंडाने फुंकर घातली, पाण्याचं बोट लावलं. सगळं करून झाल्यावर ती आजीकडे वळली आणि तिची शाळेतली भाषा गळून पडली.

"तूनं मारलं त्याले. तूनं मारलं!"

सासू खापर हातात धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी हिरवाही मलूल वाटला म्हणून मी मासळीच्या टोपल्यासोबत पिंजराही काळीपिवळीत चढवला. सावलीच्या जनावरांच्या दवाखान्यात श्रीहरीभाऊ पट्टीबंधक आहेत, डॉक्टरांच्या हाताखालचे. डॉक्टर दौऱ्यावर होते. श्रीहरीभाऊंच्या अंगात रात्रपाळीचा शीण आणि कपड्यांवर कुणाच्या तरी गाईचं रक्त होतं. त्यांनी हिरव्याला हातात घेऊन छातीला कान लावला आणि मला एकच प्रश्न विचारला.

"घरात काय फवारलं?"

मी पाखराचं सांगत होते, धुरीचं सांगत होते. त्यांनी हात वर केला.

"थे नंतर. धुरीच्या आंधी पाखरू खाली बसलं होतं ना? चोच उघडून?"

"हो."

"मंग त्याचं काम आंधीच झालं होतं बाई. पाखराचं फुफ्फुस म्हणजे जाळीदार कापड. आपल्याले जो वास वाटते थो त्याच्यात जाऊन बसते. फवारा, उदबत्ती, डासाची कॉइल, डांबरगोऱ्या, सारंच. बंद खोलीत तं विचारूच नका. धुरीनं राह्यलेलं पुरं केलं असन. पण मारलं फवाऱ्यानं."

"आणि हा?"

"याले बाहेर ठेवा. हवेत. रात्री वरून गोणपाट टाका, बाजूनं मोकरं सोडा. वाचला तं वाचला."

उठताना मी उगाच विचारलं, "धुरी लहान लेकरालेही वाईट असते का भाऊ?" माझ्या मनात का आलं माहीत नाही. ते हात धूत म्हणाले, "धूर थो धूरच बाई. जीव जेवढा लहान तेवढा जास्त लागते. पण गावात कोण आयकते?"

मी घरी आले आणि एवढंच सांगितलं, की पिंजरा आता पडवीत टांगायचा, दवाखान्यातून सांगितलं आहे. डबा तांदळाच्या कोठीमागे सरकवला. मनाला म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. पोरगी जरा सावरू दे.

दोन दिवसांचे आठ झाले. रोज सांगायचं ठरवायचं आणि रोज काहीतरी आड यायचं. बहुतेक वेळा माझी मीच आड येत होते. सांगितलं असतं तर त्या दिवशीची ती नजर गेली असती. पायल पुन्हा माझ्याशी बोलायला लागली होती. आजीने मारलं म्हटल्यावर तिला रडायला कुणीतरी पाहिजे होतं आणि ती माझ्या कुशीत येऊन रडत होती, मासळीच्या वासासकट. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर पोरीचे केस कुरवाळत बसला होता. लाज वाटत होती. सुखही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतात, हे कुणी सांगत नाही.

सासू मात्र वाळत चालली. ताटात घास चिवडायची आणि उठायची. खापर तिने धुऊन उपडं घालून ठेवलं. पायल तिच्या हातचं पाणी घेत नव्हती. आजी पडवीत आली की ही पिंजरा उचलून अंगणात न्यायची. म्हातारीने एकदाही म्हटलं नाही की मी भल्यासाठी केलं होतं.

नवव्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि माल लवकर खपून मी दुपारीच घरी आले होते, तेवढ्यात चैतू आला. त्याची पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती, सकाळीच नातवाला घेऊन दवाखान्यातून घरी आले होते. तो अंगणातूनच म्हणाला, "कुंताबाई, चाला. नातू आला. तुमच्या हाताची वाट पाहून राह्यलो."

सासू उंबऱ्यावर बसली होती. तिने आपले दोन्ही हात पाहिले.

"दुसऱ्या कोनाले पाह्य चैतू. माया हात चांगला नाई राह्यला."

"असं काऊन बोलता बाई? मायी पोरगी तुमच्याच हातची. अख्खं गाव तुमच्या हातचं."

"नाई म्हनलं ना गा."

चैतू माझ्याकडे पाहू लागला. आणि पडवीत हिरव्याला दाणे घालत असलेली पायल मान न वळवता म्हणाली, "बरोबर आहे. नकोच जाऊ. ते पण मरेल."

चैतू भांबावून निघून गेला. सासूने पदराचं टोक तोंडात धरलं. माझ्या लग्नापासूनच्या अठरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सासरा गेला तेव्हाही तिने जाळं गुंडाळून ठेवलं आणि चूल पेटवली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मी उठले. कोठीमागून डबा काढला आणि दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला.

"यानं मेला निऱ्या," मी म्हटलं. "श्रीहरीभाऊनं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. धुरीच्या आंधीच त्याचं झालं होतं. हा डबा म्या आणला, म्या मारला. मायनं नाई मारलं."

पायलच्या हातातले दाणे सांडले. "मी म्हटलं होतं, अजून मार," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात मार, मीच म्हटलं."

"तू म्हटलं. दाबलं म्या. बोट माझं होतं."

मला वाटलं होतं सासू म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. गोष्टीतल्या म्हाताऱ्या तसं म्हणतात. माझी सासू उठून उभी राहिली आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर ओरडली.

"आठ दिस! आठ दिस माया घशाखाली भात नाई उतरला न् तू समोर बसून पाहून राह्यली होती? पोरीनं मायं पानी नाई पेलं, तं तुले दिसत नव्हतं काय वं? आपल्या पोरीनं आपल्याले चांगलं म्हनाव म्हनून मले मारेकरी करून बसवलं?"

तिने सगळं ओळखलं होतं, शब्दाला शब्द. मी मान खाली घातली. पायल रडत होती. या खेपेला ती माझ्या कुशीत आली नाही.

ओरडून झाल्यावर सासूने नळावर तोंड धुतलं. मग तिने आत जाऊन लुगडं बदललं, तेलाची बाटली घेतली, ओव्याशेपाची पुरचुंडी घेतली, खापर घेतलं. मला बरं वाटलं. वाटलं, चला, माझं तोंड काळं झालं पण म्हातारीचा हात तिला परत मिळाला. ती चैतूच्या घरी जायला निघाली, पायरीपर्यंत गेली आणि पिंजऱ्यापाशी थांबली. हिरवा दांडीवर बसून मान तिरपी करून तिच्याकडे पाहत होता.

"श्रीहरी धुरीचं काय म्हनला?"

मी गप्प राहू शकत होते. आठ दिवस राहिलेच होते, मला सवय झाली होती. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती, की एका दुपारी दोनदा खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

"धूरही वाईटच म्हनला," मी म्हटलं. "मारलं फवाऱ्यानं. पण धूर थो धूरच, म्हनला. लहान जिवाले जास्त लागते."

"पाखराच्या जिवाले?"

मी नजर तिच्या हातातल्या खापराकडे वळवली. तेच उत्तर झालं.

ती पायरीवर खाली बसली. खापर मांडीवर. तिच्या ओठांची हालचाल होत होती, आधी मला कळलं नाही ती काय करते आहे. मग एकेक नाव ऐकू यायला लागलं. नथ्थूचा थोरला. मंगरूचे दोघं. चैतूची पोरगी. आमचा सुरेंद्र. आमची पायल. बोटाच्या पेरांवर अंगठा सरकत होता. मग तो एका पेरावर थांबला.

"झिंगूची पयली पोरगी," ती म्हणाली. "नऊ दिसांची होती. तिलेही सर्दीच होती."

"माय, तिले न्युमोनिया होता. गडचिरोलीच्या डॉक्टरनं सांगतलं होतं. ती वाचणारच नव्हती."

"असन." तिचा अंगठा त्या पेरावरून हलला नाही. "धुरी तं मीच देल्ली होती. दोन डाव."

मी तिच्याशेजारी बसले. माझ्या अंगाला सकाळच्या बाजाराचा वास होता, हात धुऊनही जाणार नाही असा, आणि पहिल्यांदाच तो मला स्वतःला आला. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की निदान एक माणूस तरी सुटेल. सासू सुटली होती, अर्ध्या घटकेसाठी. मी तिला एका पाखराच्या मरणातून सोडवलं आणि एका लेकराच्या मरणापाशी नेऊन बसवलं, जे खरं की खोटं हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

शेवटी ती उठली. खापर पायरीवर ठेवलं. ओव्याशेपाची पुरचुंडी त्यात ठेवली. हातात फक्त तेलाची बाटली घेतली.

"लेकराले न्हाऊ तं घालाव लागन ना कोनी," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

ती अंगण ओलांडून गेली. पायलने डोळे पुसले, चपला घातल्या आणि तिच्या मागे धावली. फाटकापाशी तिने आजीच्या हातातली बाटली आपल्या हातात घेतली. आजीने ती दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दोघी चैतूच्या घराकडे वळल्या, एकीच्या मागे एक.

मी डबा उचलून पाहिला. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. संध्याकाळ होत आली होती, दव पडायच्या आत वाळवण आत घ्यायचं होतं. मी उठले आणि घेतलं.